नजर इथे, लक्ष तिथे: ईईजीमधून दृश्य अवधान मोजायला शिकताना

ही ओळ वाचताना नजर इथेच ठेवा आणि डोळे न हलवता स्क्रीनच्या उजव्या कडेला काय आहे ते टिपून पाहा. थोडं अवघड जातं, पण जमतं. डोळा एकीकडे रोखलेला आणि लक्ष भलतीकडे, हे आपण दिवसभर करत असतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी हाच प्रकार अंधारात करून पाहिला होता. एका उजेडाच्या टिंबावर नजर रोखायची, समोरच्या अक्षरांपैकी कुठल्या भागाकडे लक्ष द्यायचं ते मनाशी आधीच ठरवायचं आणि मग विजेची एक ठिणगी पाडायची. ठिणगी विझेपर्यंत डोळा हलणं शक्यच नव्हतं. तरी लक्ष जिथे लावलेलं असे तिथली अक्षरं वाचता येत, बाकीची नाहीत.

आज ठिणगीच्या जागी मॉनिटर आला आणि माणसाच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी आली. प्रश्न तोच राहिला: डोळा हललेला नसताना लक्ष कुठे गेलं हे बाहेरून कळेल का? कळतं, पण मेंदूच्या लहरींकडे नुसतं बघून नाही, तर दोन लहरींची वजाबाकी करून. ही वजाबाकी प्रामाणिक कशी ठेवायची, हे कळलं की अर्धं काम झालं. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मी इथे एकच प्रयोग पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधून दाखवतो.

आधी खुणांची ओळख

ईईजी म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून मोजलेला विद्युतदाबातला फरक. हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये घेतला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत ठळक दिसली ती सेकंदाला साधारण दहा वेळा हेलकावणारी अल्फा लहर. डोळे मिटले की ती फुगते, उघडले की बसते.

लक्षाच्या अभ्यासात कामी येणाऱ्या खुणा दोन जातींच्या आहेत. पहिली जात एखाद्या घटनेला बांधलेल्या लहरींची. स्क्रीनवर चित्र उमटलं त्या क्षणाला शून्य धरायचं, शेकडो वेळा तेच करायचं आणि सगळ्या तुकड्यांची सरासरी काढायची. जे चित्रामुळे घडतं ते उरतं, बाकीचं एकमेकांत विरून जातं. यालाच ईआरपी म्हणतात. दुसरी जात सतत चालणाऱ्या लयींची. त्यात अल्फा येते आणि लुकलुकणाऱ्या चित्राच्या तालावर मेंदू जो ठेका धरतो तोही येतो.

पहिल्या जातीत क्रमाने पी१, एन१, एन२पीसी आणि पी३ भेटतात. नावात पी म्हणजे धन, एन म्हणजे ऋण. पी१ साधारण ८० ते १३० मिलिसेकंदांच्या दरम्यान डोक्याच्या मागच्या बाजूला येते आणि ज्या जागेकडे आधीच लक्ष लावलं आहे तिथे चित्र उमटलं तर ती मोठी होते. १९७७ मध्ये व्हॅन वूरिस आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी जागेकडे लावलेल्या लक्षाचा हा परिणाम दाखवला. म्हणजे लक्षाचा हात चित्र ओळखलं जाण्याआधीच त्यावर पडलेला असतो. पी३ खूप उशिरा, ३०० मिलिसेकंदांनंतर येते. ती मोजायला सगळ्यांत सोपी, म्हणूनच नवखे तिच्यावर भाळतात. पण ती गोष्ट किती अनपेक्षित होती आणि निर्णय केव्हा झाला, यावर हलते. तिला निव्वळ लक्षाची खूण म्हणणं मला पटत नाही.

आपल्या प्रयोगासाठी मी एन२पीसी निवडतो. हिचं लांबलचक नाव उलगडलं की अर्थ कळतो: दुसऱ्या ऋण लहरीच्या सुमारास, डोक्याच्या मागच्या भागात, विरुद्ध बाजूला. डावीकडचं दृश्य मेंदूच्या उजव्या गोलार्धात जातं आणि उजवीकडचं डाव्या गोलार्धात. तुम्ही गर्दीतली डावीकडची एक वस्तू लक्षाने उचललीत, तर साधारण २०० ते ३०० मिलिसेकंदांच्या काळात उजव्या मागच्या भागातला दाब डाव्या भागापेक्षा थोडा अधिक ऋण होतो. स्टीव्हन लक आणि हिलयार्ड यांनी १९९४ मध्ये ही खूण सविस्तर मांडली. ती आवडण्याचं कारण असं की वजाबाकी तिच्या व्याख्येतच आहे.

टोपीला हात लावण्याआधी

माझा सल्ला थोडा उलटा आहे. प्रयोगशाळेत जाण्याआधी तयार डेटावर हात बसवा. ईआरपी कोअर नावाचा खुला संच २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४० सहभागींची नोंद आहे, सात वेगवेगळ्या ईआरपी खुणा आहेत आणि एन२पीसी त्यांतली एक आहे. डेटा, प्रयोग दाखवणारा कोड आणि विश्लेषणाचा कोड असं सगळं मिळतं. विश्लेषणाला मॅटलॅब येत असेल तर ईईजीलॅब आणि त्यावर बसणारं ईआरपीलॅब, पायथॉन येत असेल तर एमएनई. दोन्ही मोफत आहेत, मॅटलॅबचा परवाना मात्र विकत घ्यावा लागतो. कुठलं चांगलं या वादात पडू नका. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जे येतं ते निवडा, कारण अडल्यावर हाक त्यालाच मारायची आहे.

या डेटातून एन२पीसी स्वतः काढता आली, की मगच आपला प्रयोग.

चित्र कसं रचायचं

सगळा प्रयोग इथे तरतो किंवा बुडतो.

समजा तुम्ही डावीकडे एक लाल चौकोन दाखवला, उजवीकडे काहीच नाही, आणि उजव्या गोलार्धात मोठी लहर मिळाली. ही लक्षाची खूण? नाही. डावीकडे काहीतरी होतं आणि उजवीकडे नव्हतं, एवढंच त्यातून कळतं. डोळ्यावर पडलेला प्रकाशच वेगळा होता. म्हणून दोन्ही बाजूंना सारखेच चौकोन हवेत. ते सगळे राखाडी आणि त्यांतला एक वेगळ्या रंगाचा असला, तरी भागत नाही, कारण वेगळा रंग एकाच बाजूला आहे.

उपाय सुंदर आहे. राखाडी चौकोनांच्या गर्दीत डावीकडे एक लाल ठेवा आणि उजवीकडे एक हिरवा. दोघांचा उजळपणा सारखा करून घ्या. अर्ध्या प्रयोगात सहभागीला सांगा, लाल शोधा. उरलेल्या अर्ध्यात सांगा, हिरवा शोधा. आता चित्र अक्षरशः तेच, डोळ्यावर पडणारा प्रकाश तोच, आणि लक्ष मात्र एकदा डावीकडे जातं, एकदा उजवीकडे. दोन्हींत फरक दिसला तर त्याचा उगम चित्रात असूच शकत नाही, तो सूचनेतूनच आलेला असतो. लक्षाच्या कुठल्याही प्रयोगाचा आराखडा हातात आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: चित्र तेच ठेवून फक्त सूचना बदलली आहे का?

उत्तर कसं घ्यायचं, यातही एक सापळा आहे. ‘लाल डावीकडे असेल तर डावं बटण’ असं ठेवलंत, तर हात हलवण्याच्या तयारीची लहरही डाव्या-उजव्या गोलार्धांत वाटली जाते आणि आपल्या वजाबाकीत मिसळते. म्हणून प्रत्येक चौकोनाला एका बाजूला लहानशी फट ठेवा, वर किंवा खाली. सहभागीने फट कुठे आहे ते सांगायचं. फटीचा डाव्या-उजव्याशी काही संबंध नाही, त्यामुळे हाताची लहर दोन्हीकडे सारखी वाटली जाऊन कटते. शिवाय फट बघायची म्हणजे त्या चौकोनाकडे खरोखर लक्ष द्यावंच लागतं.

आता आकडे. चित्र २०० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ दाखवा. काही दिसल्यावर डोळा तिकडे वळायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तो वळेपर्यंत चित्र गेलेलं असतं. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. बारा फ्रेम धरल्या की बरोबर २०० होतात. वेळ नेहमी फ्रेममध्ये मोजा. दोन चित्रांमधलं अंतर दर वेळी थोडं कमी-जास्त ठेवा, नाहीतर मेंदू पुढच्या चित्राची वाट ठेक्यात पाहू लागतो आणि ती वाट पाहण्याची लहर तुमच्या बेसलाइनमध्ये, म्हणजे चित्राआधीच्या तुलनेच्या पातळीत, शिरते. सहभागीला स्क्रीनपासून ५७ सेंटीमीटरवर बसवलं तर स्क्रीनवरचा एक सेंटीमीटर डोळ्याला जवळजवळ एक अंश भरतो. गणित वाचतं.

किती वेळा दाखवायचं? एका चित्रानंतरच्या कच्च्या लहरीत १५ मायक्रोव्होल्टचा गोंगाट आहे असं धरू. सरासरीत गोंगाट चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. २२५ चित्रांनंतर तो १५ भागिले १५, म्हणजे १ मायक्रोव्होल्टवर येतो. एन२पीसी स्वतःच एक-दोन मायक्रोव्होल्टची असते. म्हणजे एका बाजूची पन्नास चित्रं दाखवून काही हाती लागेल ही आशा सोडा, दीडशे-दोनशेची तयारी ठेवा. आणि मध्ये विश्रांती द्या, कारण कंटाळलेल्या माणसाची अल्फा लहर तुमच्या सगळ्या लहरींवर बसते.

टोपीचा दिवस

सहभागीला आदल्या दिवशीच कळवा: केस धुऊन या, तेल, जेल, कंडिशनर काही नको. नैतिक समितीची मंजुरी आणि लेखी संमती आधीच हातात हवी, हे सांगायला नको.

इलेक्ट्रोडच्या जागांची नावं हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या दहा-वीस पद्धतीतून वाढत गेली आहेत. विषम अंक डावीकडे, सम उजवीकडे. आपल्याला मुख्यतः पीओ७ आणि पीओ८ ही मागची जोडी हवी. नाकाचा उंचवटा ते मागच्या हाडाचा उंचवटा, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, असं दोन्हीकडून टेपने मोजून टोपीचा मध्य बरोबर बसवा. टोपी एका बाजूला सरकली तर डावं-उजवं तुलनेलायक राहत नाही, आणि आपला सगळा डाव त्याच तुलनेवर आहे. साधे इलेक्ट्रोड असतील तर इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यामधला विद्युतरोध, ५ ते १० किलोओहमच्या आत आणा. आत अँप्लिफायर असलेल्या सक्रिय इलेक्ट्रोडना जास्त चालतो, पण दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत.

नोंद सुरू झाली की पहिल्यांदा सहभागीला डोळे मिटायला सांगा. मागच्या इलेक्ट्रोडवर अल्फा फुगली? छान, यंत्र जिवंत आहे. मग पापणी लववायला सांगा, दात आवळायला सांगा, आणि त्या लहरी त्यालाच स्क्रीनवर दाखवा. ‘शांत बसा’ असं दहा वेळा सांगून जे होत नाही ते स्वतःच्या जबड्याचा गोंधळ एकदा पाहून होतं.

ट्रिगर म्हणजे चित्र उमटल्याची जी खूण संगणक ईईजीत पाठवतो, ती खरोखर त्याच क्षणी पोचते का? विश्वास ठेवू नका, मोजा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका चित्रासोबत उमटवा आणि त्यावर प्रकाश टिपणारा फोटोडायोड लावा. ट्रिगर आणि प्रकाश यांत ठरावीक उशीर असेल तर तो नंतर वजा करता येतो. उशीर दर वेळी वेगळा येत असेल तर आधी ते दुरुस्त करा, कारण डळमळीत शून्यावर काढलेली सरासरी पसरट होते.

डोळा हा खरा चोर

नवख्यांचे सर्वांत जास्त निकाल इथे फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

डोळ्याची पुढची बाजू मागच्या पडद्याच्या तुलनेत धन असते. डोळा म्हणजे एक छोटी बॅटरीच. तो डावीकडे वळला की डोक्याची डावी बाजू धन होते आणि उजवी ऋण. आता आपली खूण आठवा. लक्ष्य, म्हणजे शोधायचा चौकोन, डावीकडे असताना उजवी बाजू ऋण व्हायला हवी. म्हणजे सहभागी चोरून डावीकडे पाहत असेल, तर त्याची नजरच हुबेहूब एन२पीसीच्या दिशेची लहर तयार करते. डोळे पुढे आहेत आणि आपले इलेक्ट्रोड मागे, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत ती क्षीण होते, पण आपल्या खुणेचा आकार तरी कुठे मोठा आहे!

माझ्या पहिल्या डेटात एका सहभागीची खूण इतकी देखणी आली होती की मी ती भिंतीवर लावली. ती ३०० मिलिसेकंदांनंतरही उतरेना, वाढतच गेली. तेव्हा शंका यायला हवी होती. डोळ्यांजवळचे इलेक्ट्रोड उघडून पाहिले आणि तो कागद भिंतीवरून काढला.

म्हणून दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी एकेक इलेक्ट्रोड लावा आणि त्यांची वजाबाकी नोंदवा. नजर एक अंश वळली की इथे साधारण १६ मायक्रोव्होल्टचा फरक पडतो. ठळक पायरीसारखी उडी दिसली तर ते चित्र टाकून द्या. छोट्या हालचाली एकेका चित्रात दिसत नाहीत, म्हणून उरलेल्या सगळ्या चित्रांची सरासरी डाव्या आणि उजव्या लक्ष्यासाठी वेगवेगळी काढून पाहा. सरासरी ३.२ मायक्रोव्होल्टच्या आत असेल, तर नजर सरासरीने ०.२ अंशांहून जास्त सरकलेली नाही. अनेक प्रयोगशाळा हीच मर्यादा पाळतात. नजर टिपणारा कॅमेरा असेल तर उत्तमच.

पापणीचं वेगळं आहे. तिची लहर शंभर मायक्रोव्होल्टच्या घरातली, पण दोन्ही बाजूंना सारखी, आणि मिसळलेल्या लहरी सुट्या करणाऱ्या आयसीए नावाच्या गणिती पद्धतीने ती बरीचशी उपसून काढता येते. एक गोष्ट मात्र आयसीए दुरुस्त करू शकत नाही. नेमकी चित्राच्या वेळी पापणी मिटलेली असेल तर माणसाने चित्र पाहिलेलंच नाही. अशी चित्रं आधी वेगळी काढून टाका, मग आयसीए.

विश्लेषण

अखंड डेटावर ०.१ ते ३० हर्ट्झचा फिल्टर लावा. लहर सपाट आणि नीटनेटकी दिसावी म्हणून खालची मर्यादा १ हर्ट्झपर्यंत चढवण्याचा मोह होतो. आयसीएसाठी वेगळी प्रत बनवून तसं करायला हरकत नाही, पण ईआरपीत तसं केलंत तर मोठ्या लहरीच्या आजूबाजूला नसलेली उलट लहर उगवते. मग चित्राच्या आधीच्या २०० मिलिसेकंदांपासून नंतरच्या ८०० पर्यंतचे तुकडे कापा, आधीच्या २०० ची सरासरी प्रत्येक तुकड्यातून वजा करा आणि चुकीची उत्तरं बाजूला काढा.

आता वजाबाकी. लक्ष्य डावीकडे असताना पीओ८ उणे पीओ७. लक्ष्य उजवीकडे असताना पीओ७ उणे पीओ८. दोन्हींची सरासरी. याचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीच्यांचा दाब मोजतात तो, कानामागे घेतला की त्याऐवजी सगळ्यांची सरासरी घेतली, यावरून ईईजीत नेहमी वाद होतात. इथे एकाच क्षणाच्या दोन इलेक्ट्रोडची वजाबाकी असल्यामुळे संदर्भ दोन्हीकडून कटतो आणि फरकाची लहर तीच राहते.

फरकाच्या लहरीत कुठल्या काळातली सरासरी मोजायची, ते डेटा पाहण्याआधी कागदावर लिहून ठेवा, उदाहरणार्थ २०० ते २७५ मिलिसेकंद. आधी लहर पाहायची, फरक जिथे मोठा दिसतो तिथेच खिडकी लावायची आणि मग तो लक्षणीय आहे म्हणून सांगायचं, हे तीर मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढण्यासारखं आहे. शिखराची उंचीही मोजू नका. गोंगाट जितका जास्त तितकं शिखर आपोआप उंच येतं, त्यामुळे कमी चित्रं असलेला गट उगाचच जिंकतो. सरासरीला हा रोग नाही.

आलेख काढताना ऋण बाजू वर की खाली, ते अक्षावर लिहा. या क्षेत्रातले निम्मे लोक ऋण वर काढतात आणि नवखा माणूस आलेख उलटा वाचून बसतो.

कोडवर भरवसा बसण्यासाठी एक उलटतपासणी करा. डाव्या-उजव्याच्या खुणा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक करून तीच सगळी प्रक्रिया पुन्हा चालवा. फरक शून्याच्या आसपास यायला हवा. तरीही ठाम लहर उरली, तर कोडमध्ये कुठेतरी चूक आहे.

मिळालेल्या लहरीचं काय करायचं

एन२पीसी आली याचा अर्थ त्या काळात लक्षाने बाजू निवडली होती. नाही आली, तर लक्ष नव्हतं असं म्हणता येत नाही. लक्ष दोन्ही बाजूंना वाटलं गेलं असेल तर वजाबाकीत ते कटतं. लक्ष्य उभ्या मध्यरेषेवर असेल तरी कटतं. शिवाय ही लहर लक्ष्य उचलण्याची आहे की आजूबाजूची गर्दी दाबण्याची, यावर बरीच वर्षं वाद चालला आहे.

जागेकडे आधीपासून लावलेलं लक्ष पाहायचं असेल तर एन२पीसी कामाची नाही, अल्फाकडे जा. बाण दाखवून ‘आता डावीकडे येणार’ असं सुचवलं, की चित्र येण्याआधीच उजव्या मागच्या भागातली अल्फा डाव्यापेक्षा खाली जाते. सेकंदोन्‌सेकंद टिकवलेलं लक्ष मोजायचं असेल तर दोन बाजूंची चित्रं वेगवेगळ्या वेगाने लुकलुकवा, ६० च्या मॉनिटरवर पाच फ्रेममागे एकदा म्हणजे १२ हर्ट्झ आणि चार फ्रेममागे एकदा म्हणजे १५ हर्ट्झ. ज्या बाजूकडे लक्ष, तिचा ठेका ईईजीत मोठा होतो. मात्र लुकलुकणाऱ्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकणारी माणसं असतात. त्यांना आधी विचारून वगळल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

एन२पीसीच्याच वाटेने पुढे जायचं असेल, तर पुढचा प्रयोग तयार आहे. लक्ष्य मध्यरेषेवर ठेवा आणि लक्ष विचलित करणारा भडक चौकोन एका बाजूला. लक्ष्याचा वाटा वजाबाकीत उरत नाही, म्हणून जो फरक दिसेल तो त्या भडक चौकोनाचा. हिकी, दि लोलो आणि मॅकडॉनल्ड यांनी २००९ मध्ये हीच युक्ती वापरली आणि विरुद्ध बाजूला ऋणाऐवजी धन लहर मिळवली. तिला पीडी म्हणतात आणि ती नको असलेली गोष्ट दाबल्याची खूण मानली जाते. तुमच्या रचनेत एका चौकोनाची जागा तेवढी बदलायची आहे.